गल्ला आणि गणकयंत्र

एप्रिलच्या मध्यास बंगाली नववर्ष सुरू होते. त्या दिवशी कोलकात्यातील व्यापारी लाल कापडी बांधणीच्या नव्या वहीची पूजा करतात, गिऱ्हाइकांना मिठाई देतात आणि मागील येणे वसूल करून नवा हिशेब मांडतात. यास तेथे ‘हालखाता’ म्हणतात. महाराष्ट्रातील दिवाळीच्या वहीपूजनाचेच हे भावंड होय. अशा या शहरातील एखाद्या वडिलोपार्जित दुकानात फळीवर पितळी नक्षीचे जुने कॅश रजिस्टर असावे आणि मुलाने विक्रीचे नवे सॉफ्टवेअर आणावे, म्हणजे प्रश्न उभा राहतो : या दोहोंची सांगड घालता येईल काय?

वरवर पाहता हा प्रश्न तारांचा आहे. वस्तुतः तो विश्वासाचा आहे. अमेरिकेतील डेटन गावच्या जेम्स रिटी या मद्यगृहाच्या मालकाने १८७९ मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. गल्ल्यावरचे नोकर पैसे लांबवितात, ही त्याची व्यथा होती. बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. पुढे यंत्राला खण आणि घंटा यांची जोड मिळाली. खण उघडला की घंटा वाजे आणि मालकाचे लक्ष जाई. जितकी नोंदलेली विक्री, तितकी खणातील रोकड, या एका समीकरणावर सारी रचना उभी होती.

भारतात या यंत्राला पहिला मोठा धक्का बसला तो १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवशी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणे मोजणाऱ्या चाकांना हे नवे गणित समजणे शक्य नव्हते. आजची अडचण याच जातीची, परंतु अधिक खोल आहे. संपूर्ण यांत्रिक रजिस्टरातील आकडा म्हणजे केवळ दातेरी चाकाची स्थिती. ती तारेवाटे सांगण्याची वाचा त्याला नाही. तेथे एवढेच करता येते की, खणाच्या खिटीला विद्युच्चुंबक जोडावा. गणकयंत्र पावती छापणाऱ्या यंत्रास आज्ञा देते, ते क्षणभर वीज सोडते आणि खण उघडतो. देह जुना राहतो, बेरीज मात्र नवा करतो. अलीकडच्या काही इलेक्ट्रॉनिक रजिस्टरांना तार जोडण्याची सोय असते व ती विक्रीचे आकडे पाठवू शकतात. परंतु दोन्ही टोकांस संदेशाची गती एक हवी आणि मालाचे क्रमांकही एक हवेत. एकीकडे बारा म्हणजे साबण आणि दुसरीकडे बारा म्हणजे बिस्किटे असतील, तर जोडणी बिनचूक असूनही हिशेब खोटा ठरेल.

खरी कसोटी याच्याही पुढची आहे. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून पुष्कळसे पैसे खणात न पडता परस्पर बँकेत जातात. जुने समीकरण तेथेच मोडले. समजा, दिवसाची विक्री दहा हजारांची झाली आणि खणात सहा हजारच निघाले. उरलेले चार हजार मोबाइलवरून आल्याची नोंद नसेल, तर संशय कोणावर जाईल? गल्ल्यावर बसणाऱ्या गुमास्त्यावर! वीस वर्षांचे इमान एका सायंकाळी मातीमोल होते. आणि दोष असतो तो केवळ अपुऱ्या जोडणीचा.

म्हणून शहाणा दुकानदार तारेपूर्वी रीत जोडतो. प्रत्येक पावतीवर पैसे कोणत्या मार्गाने आले ते नोंदवावे. सकाळची शिल्लक आरंभीच लिहावी. काही आठवडे जुनी व नवी अशा दोन्ही नोंदी ठेवाव्यात. आणि सायंकाळी मालक व गुमास्ता यांनी समोरासमोर बसून रोकड मोजावी. फरक निघाला तर आधी नोंद तपासावी, माणूस मागाहून.

घंटा आजही वाजविता येते. परंतु ती नोकराला धाकात ठेवण्यासाठी नसून त्याच्या सचोटीची साक्ष देण्यासाठी आहे, असे ज्या दुकानात मानले जाईल, तेथेच जुन्या गल्ल्याची नव्या यंत्राशी गाठ खऱ्या अर्थाने पडली असे म्हणता येईल.