जुनी बॉडी भंगारात देऊ नका

(मोटार मेकॅनिकांच्या जिल्हा मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण, खामगाव)



   

अध्यक्षाने धंद्याचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे, तो पाळतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषण-नियम आले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बुरेटर उतरून इंजेक्टर चढला. स्कॅनर घ्यावा लागला. विजेच्या गाड्या येत आहेत, त्यांचेही शिकावे लागेल. आढावा संपला. आता ज्यासाठी इतकी वर्षे माइकची वाट पाहिली ते बोलतो.

सकाळच्या सत्रात जुन्या विलीज जीपच्या कार्बुरेटरवरून खडाजंगी झाली. एक बाजू म्हणाली, ओरिजिनलच पाहिजे, मग कितीही पैसा लागो. दुसरी म्हणाली, लोकल नवा टाका, तासाभरात गाडी गॅरेजबाहेर. अध्यक्षाला मध्ये तोंड घालता येत नाही म्हणून गप्प बसलो होतो.

आधी ओरिजिनलवाल्यांशी बोलतो. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. बॉनेट उंच, कारण हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. साधारण २२०० सीसी, चार सिलिंडर. अमेरिकेत त्यावर कार्टरचा कार्बुरेटर असे. आपल्याकडे मात्र बीडीओच्या, तहसिलीच्या, जंगलखात्याच्या ज्या जीपगाड्या लिलावात निघाल्या आणि माझ्या हाताखालून गेल्या, त्यांतल्या बहुतेकींवर मी सोलेक्सचा कार्बुरेटर पाहिला. त्या गाड्यांनी त्याच्यावरच जन्म काढला. आज मोठ्या शहरांतले शौकीन तो सोलेक्स काढतात, परदेशातून कार्टर मागवतात आणि गाडी अस्सल झाली म्हणून मिरवतात. तिकडे अमेरिकेत विलीजवाल्यांना कार्टरऐवजी स्वस्तातला पर्याय म्हणून सोलेक्स नमुन्याचाच कार्बुरेटर विकला जातो. त्यांच्याकडे जे नकली ठरते, ते आपल्या जीपचे मूळचे अंग आहे.

अस्सलपणाची अट घालणारे व्हिंटेज गाड्यांचे नियम केंद्राने जुलै २०२१ मध्ये काढले. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरे. पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. ज्याला प्रदर्शनात उभी करायची आहे, त्याने खुशाल कार्टर लावावा. आपल्या जिल्ह्याची, एमएच-२८ ची जीप अजून भिंगाऱ्याचा चढ चढते आणि पावसाळ्यात काळ्या चिखलातून सरकीची पोती ओढते.

आता लोकलवाल्यांशी. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्याची जीप आयडलिंग धरत नव्हती. ॲक्सिलरेटर दिला की फटफटायची. आधीच्या मिस्त्रीने एकामागून एक नवे कार्बुरेटर चढवले होते. माझ्याकडे आल्यावर शेतकरी म्हणतो, "मिस्तरी, अजून एक नवीन टाकून पाहा ना बाप्पा!" मी इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यावर तेलाच्या कुपीने थेंब सोडले. आवाज लगेच बदलला. गॅस्केट फाटलेले होते, इंजिन तिथून हवा खेचत होते. सगळा आळ मात्र कार्बुरेटरवर. त्याचा जुना सोलेक्स सीटखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेला निघाला. बटरफ्लायचे स्पिंडल ढिले होते. कार्बुरेटरची बॉडी रीम केली, पितळी बुश बसवले, नवे गॅस्केट टाकले आणि तोच चढवला. त्या कार्बुरेटरसाठी तो माणूस परत कधी माझ्याकडे आला नाही.

दुसरी गाडी बोथ्याच्या घाटातली. सपाटीवर गुळगुळीत, चढाला लागली की पेट्रोलचा वास आणि बंद. प्लग काळेभोर. कार्बुरेटर कोरा होता, पण खोक्यातून काढला तसाच बसवला होता. फ्लोटची पातळी वर राहिलेली, गाडी तिरपी झाली की पेट्रोल नळीतून आत सांडायचे. फ्लोट लावला, गाडी घाट चढली. तेव्हा नव्यालाही मी शिव्या देत नाही. न उघडता बसवणाऱ्याला देतो.

जेटचेही तेच. सोलेक्सच्या जेटवर १२५ आकडा असेल तर भोक १.२५ मिलिमीटरचे. त्यात तार खुपसली की आकडा तोच राहतो आणि भोक वाढते. मग ॲव्हरेज गेले म्हणून बोंब. जेट हवेच्या प्रेशरने साफ करायचा असतो, हे पोरांना सांगून सांगून घसा बसला. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते, आणि जुने रबरी डायफ्राम फुगतात ते वेगळेच. जुन्या मापाचा लोकल घ्या नाहीतर ओरिजिनल, दोन्ही आज हात लावल्याशिवाय नीट चालायचे नाहीत.

मग आपण हात का लावत नाही? हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणूनच कोणी बोलत नाही. स्पिंडलला बुश करायला लेथवर अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक खोक्यातल्या पार्टचे पैसे मुकाट्याने मोजते आणि मजुरीवर घासाघीस करते. पार्टवर दुकानदार आपल्याला कमिशन देतो, बुशवर कोण देणार? म्हणून जुनी बॉडी किलोने भंगारात जाते. धातू चांगला, घडण चांगली, फक्त दोन भोके झिजलेली. ही चूक कारखान्याची नाही आणि गिऱ्हाइकाची तर अजिबात नाही. आपण कारागीर होतो, आता खोके फोडणारे झालो आहोत. रागवा माझ्यावर, पण हे खोटे आहे असे उठून सांगा.

माझ्या उस्तादांना इंजिनाच्या आवाजावरून पायलट जेट तुंबला की इग्निशनचे पॉइंट जळाले ते कळायचे. ते कान आता कुणाला देऊन जावे, हा प्रश्न आहे. आज आयटीआयतून येणाऱ्या पोराने कार्बुरेटर उघडलेला नसतो.

तेव्हा काही कामे करू. गिऱ्हाइकाला नको असलेल्या जुन्या बॉड्या एका ठिकाणी जमा कराव्यात. नव्या पेट्रोलला कोणता जेट बसतो याचा तक्ता करावा. आयटीआयवाल्यांशी बोलून पोरांना बुशिंग शिकवावे. कोणी, कधी, कसे, ते कार्यकारिणी ठरवील.

सकाळच्या वादाचा माझा निकाल असा. आधी पॉइंट आणि गॅस्केट तपासा. मग जुन्याला बुश करा. बॉडी तडकली असेल, नाहीतर आटेच उरले नसतील, तरच नवा घ्या आणि तो उघडून, लावून बसवा. उद्यापासून बिलात मजुरीची ओळ वेगळी लिहा, ताठ मानेने मागा, आणि काढलेला जुना कार्बुरेटर ज्याचा त्याला परत द्या.