कोठे थांबावे, कोठे थांबू नये
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





शिक्षक बोलावयास उभा राहिला की अभ्यास, परीक्षा आणि शिस्त यांवरच बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी माझ्या एका मित्राविषयी बोलणार आहे. तो पुढारी नव्हता, लेखक नव्हता. बी. एड.ला माझ्या शेजारी बसणारा आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात मराठी शिकविणारा साधा शिक्षक होता. २०२३ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, पक्षाघाताने तो गेला. घरच्या मंडळींच्या इच्छेप्रमाणे मी त्याचे नाव घेत नाही. परंतु त्याच्या शिकविण्यातून आणि त्याच्या दुखण्यातून आपल्या प्रत्येक घराच्या उपयोगी पडावे असे काही आहे, ते आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

२०११-१२ साली आम्ही कोल्हापुरात बी. एड. केले. त्या वेळी तो अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. माझा मित्र माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. बी. ए. झाल्यावर त्याने तीन वर्षे कापडाच्या दुकानात नोकरी केली, धाकट्या बहिणीचे लग्न उरकले आणि मग फीचे पैसे साठवून तो आला होता. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, त्या शहरात आपण शिक्षक होत आहोत, याचा त्याला फार अभिमान वाटे.

सराव पाठांसाठी आमची जोडी होती. तो पाठ घेई तेव्हा मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहीत असे आणि माझ्या पाठाला तो लिही. त्याची एक सवय सर्वांच्या डोळ्यांत भरे. प्रश्न विचारल्यावर तो गप्प उभा राही. एखादा मुलगा अडखळला तरी त्याच्या तोंडातले उत्तर हा काढून घेत नसे, की दुसऱ्या मुलाला उठवीत नसे. वर्ग चुळबूळ करू लागे, तरी हा खडू हातात धरून शांत. आमच्या प्राध्यापकांनी त्याच्या वहीत ‘पाठाची गती मंद’ असा शेरा मारला. त्यावर तो मला म्हणाला, “अरे, उत्तर पोरापाशी असतंच. ते वर यायला वेळ लागतो, एवढंच. आपण घाई केली की ते परत खाली जातं.” पुढे अकरा वर्षे त्याने असेच शिकविले. त्याच्या शाळेत बोलताना अडखळणारा एक विद्यार्थी होता. तो दहावीच्या निरोप समारंभात पाच मिनिटे बोलला, हे त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितले होते.

आता दुखण्याविषयी. २०२१ साली शाळेत झालेल्या तपासणीत त्याचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. चार महिने घेतल्यावर ‘आता मला काही त्रास नाही’ म्हणून त्याने ती आपल्या मनाने बंद केली. पालकहो, रक्तदाबाचे कपट हेच आहे. तो वाढला तरी बहुतेकांना डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. माणूस शाळेत जातो, बाजार करतो, आणि आत मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होत राहतात. आपल्या खाडीकाठच्या जेवणात सुकी मासळी, लोणचे आणि पापड रोजचे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण सारे मिळून किती खातो, याचा हिशेब घरोघरी करून पाहण्यासारखा आहे.

जानेवारी २०२३ मधील एका सकाळी न्याहारी करताना त्याच्या उजव्या हातातून चमचा गळून पडला. तोंड एका बाजूला वाकडे झाले. काही बोलू लागला, पण शब्द फुटेना. भाभी घाबरल्या. शेजारपाजारची मंडळी जमली. सर्वजण प्रेमाचेच होते. कोणी म्हणाले, थकवा आहे, निजू द्या. कोणी म्हणाले, अंगावरून वारे गेले, तेल चोळा. कबुतराचे रक्त चोळण्याचा सल्लाही एकाने दिला. उतरेल, जरा थांबू या, असे करता करता दुपार झाली. मग गाडी शोधली, जिल्ह्याचे ठिकाण गाठले आणि मेंदूचे सी. टी. स्कॅन झाले तेव्हा दिवेलागण होत होती. रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळविण्याचे इंजेक्शन देण्याची वेळ टळून गेली होती.

विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्ही नीट समजून घ्या, कारण घरात तुम्हीच सर्वांत चपळ आहात. पक्षाघात हा मेंदूचा आजार आहे. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काही वेळा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र अगदी वेगळे. म्हणून स्कॅन आधी. घरी कोणी सांगितले म्हणून ॲस्पिरिनची गोळीही देऊ नये. गुठळी असल्यास ती विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यावर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

तेव्हा तीन गोष्टी पाहा. हसायला सांगा: तोंड एका बाजूला ओढले जाते काय? दोन्ही हात वर करायला सांगा: एक हात खाली येतो काय? एक साधे वाक्य म्हणायला सांगा: जीभ अडखळते काय? यांपैकी एकही गोष्ट अचानक दिसली तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावयास सांगा. तोंडात पाणी किंवा चहा घालू नका, कारण गिळण्याची शक्तीही गेलेली असू शकते. आणि लक्षणे दहा मिनिटांत ओसरली, तरीही रुग्णालयात जाच. ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते. येथे थांबणे हा धीर नव्हे.

माझा मित्र त्यातून वाचला, पण उजवे अंग लुळे झाले आणि वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे इजा झाली की बोलणे जाते, हे फ्रान्समधील डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली दाखवून दिले. याला वाचाघात म्हणतात. मराठी शिकविणाऱ्या माणसाला ‘पाणी’ हा शब्द सापडत नव्हता. पेल्याकडे बोट करी, ओठ हलवी आणि डोळ्यांत पाणी येई. भेटायला येणारे त्याच्याशी ओरडून बोलत, जणू तो बहिरा झाला आहे. काही जण त्याच्यासमोरच भाभींना विचारत, “आता ह्यांना काही समजतं का?” त्याला सारे समजत होते.

२२ एप्रिलला रमजान ईद झाली. तो भावाच्या आधाराने ईदगाहला गेला. गळाभेटीच्या वेळी त्याच्या तोंडून स्पष्ट ‘ईद मुबारक’ निघाले. लोकांना आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी त्याला ‘पाणी’ म्हणता येईना, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, हे ढोंग आहे काय? ढोंग नव्हते. लहानपणापासून घोकलेले पाठ, अंकांची उजळणी, गाणी, सलाम-दुआचे शब्द वाचाघातात पुष्कळदा टिकून राहतात. नवे वाक्य जुळविणे मात्र अवघड होते.

त्याला कसे बोलते करावे, हे त्याच्याच विद्यार्थ्यांनी दाखविले. संध्याकाळी दोघे-तिघे येत, त्याच्याजवळ बसत, एक साधा प्रश्न विचारत आणि गप्प राहत. शब्द त्याच्या तोंडातून काढून घेत नसत. मिनिट जाई, दोन मिनिटे जात, आणि कधी कधी शब्द येई. सरांनीच त्यांना हे शिकविले होते. वाचा-उपचारतज्ज्ञांनीही पुढे भाभींना तेच सांगितले: एका वेळी एकच माणूस बोला, छोटे प्रश्न विचारा, चित्रे दाखवा आणि उत्तराची वाट पाहा.

महात्मा फुले आम्हा दोघांनाही जवळचे वाटत, कारण १८४९ साली जोतिराव व सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्याच जोतिरावांना १८८८ साली पक्षाघात झाला, उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहावयास सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली प्रसिद्ध झाले. ही हकीकत मी मित्राला पुन्हा सांगितली. तो स्वतःच ती वर्गात सांगत असे. तो हसला. जूनमध्ये त्याची पहिलीतली मुलगी पाटीवर आपले नाव लिही आणि तो डाव्या हाताने ते गिरवी. जुलैअखेर ते नाव त्याला न पाहता लिहिता येऊ लागले. ऑगस्टमध्ये दुसरा झटका आला. या वेळी घरच्यांनी दहा मिनिटांत गाडी बोलावली. पण मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. तीन दिवसांनी तो गेला.

पालक बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी अनेक घरांचे कर्ते पुरुष परमुलखात आहेत आणि घरी आई, आजी व मुले आहेत. म्हणून ही माहिती मुलांना व स्त्रियांना असणे अधिक जरुरीचे आहे. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला तर डॉक्टरांना दाखवा. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका. रोजे असतील तर वेळ बदलून घेण्याविषयी डॉक्टरांना आधीच विचारा. तंबाखू सोडा. आणि ज्या घरी असा रुग्ण आहे, तेथे भेटीला जाल तेव्हा त्याच्या शेजारी बसा, त्याच्याशीच बोला, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

अल्लाह माझ्या मित्राची मगफिरत करो. विद्यार्थी मित्रांनो, आज तुम्हांला एकच गृहपाठ देतो. घरी गेल्यावर घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला विचारा, त्यांनी रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता. उत्तरे वहीत लिहून सोमवारी मला दाखवा.

खुदा हाफिज.