खानेसुमारीबाहेरची माणसे

2001 साली कारंजा शहराची वस्ती सुमारे 60 हजार होती. 2011 साली ती 68 हजारांच्या घरात गेली. त्यानंतर मोजदादच नाही. 1881 पासून दर दहा वर्षांनी, महायुद्ध पेटले असताना 1941 सालीसुद्धा, झालेली खानेसुमारी 2021 साली टळली आणि 2027 पर्यंत लांबली.

नुकसान कोणाचे? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थींची संख्या 2011 च्याच गणनेला बांधलेली आहे. शेती सुटून शहराच्या कडेला झोपडी घालणारा मजूर त्या हिशेबात बसत नाही.

जन्ममृत्यूची नोंदवही ही उणीव भरून काढील, ही समजूतही भाबडी आहे. 1969 च्या कायद्यान्वये जन्म जेथे घडतो तेथेच नोंदला जातो. कारंज्याची अडलेली बाळंतीण अकोल्यास वा अमरावतीस न्यावी लागली, तर ते मूल त्या शहराच्या खाती जमा! म्हणजे सोयीअभावी बाहेर जाणाऱ्यांचेच आकडे गावातून नाहीसे होतात; आणि बाळंतपणे कमी दिसतात म्हणून, येथे वाढीव खाटा कशाला, असे विचारायला कचेरी मोकळी.

तेव्हा कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून यादी करावी: शिधापत्रिका कोणाला नाही, बाळंतपण कोठे झाले, जाण्यायेण्यास किती खर्च आला. ती यादी नगरपरिषदेपुढे आणि जिल्हा आरोग्य खात्यापुढे ठेवून उत्तर मागावे.