बाळंतपणानंतर आखडणारी बोटं

आमवाताने बेजार झालेल्या बाईला दिवस जातात आणि बरेचदा तिची सूज ओसरते, सांधे मोकळे होतात. बाळंत झाली की काही महिन्यांत दुखणं पुन्हा उसळतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी १९३८ साली हे लिहून ठेवलं. त्याच वाटेने शोध घेत ते कॉर्टिझोन या औषधापर्यंत पोचले आणि १९५० च्या नोबेलचे सहमानकरी ठरले.

आमवातात आपली प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, आणि ही प्रतिकारशक्ती स्त्री-पुरुष हार्मोन्सचंही ऐकते. इस्ट्रोजेन नेहमीच्या प्रमाणात असलं, तर अँटीबॉडीज बनवणाऱ्या पेशींना जोर येतो. गरोदरपणात मात्र ते आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही कितीतरी पट वाढतात. गर्भात निम्मा वाटा बापाचा, म्हणजे शरीराला परका; त्या गर्भावर हल्ला होऊ नये म्हणून शरीर काही बाबतींत नमतं घेतं. टेस्टोस्टेरॉनचा कल एकंदरीत लगाम घालण्याकडे. म्हणून फ्लूची तीच लस घेतली तरी बायकांमध्ये अँटीबॉडीज सहसा जास्त तयार होतात, आणि दंडही जास्त दुखतो!

या तिखट प्रतिकारशक्तीची किंमतही बायकाच मोजतात. ल्युपस हाही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्याच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, त्याही बहुतेक पाळी सुरू होण्यापासून ती जाईपर्यंतच्या वयातल्या. सगळं हार्मोन्सवर ढकलू नका. एक्स गुणसूत्राचाही त्यात हात आहे.

उलट, पुरुषांमध्ये क्षयरोग जास्त दिसतो; त्यात हार्मोन्सचा वाटा असेलही, पण तिथे विडी-सिगारेट आणि कामावरची धूळही आली. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. फुकट होते.

आता घरातल्या मोठ्या बायकांना सांगते. बाळंतिणीची बोटं सकाळी तासभर आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर ‘गारठा बाधला’ म्हणून नुसता शेक देत बसू नका. दुखणं अंगावर काढलं, तर सांध्यांची झीज सुरू होऊ शकते. गालांवर उन्हाने वाढणारा लाल चट्टा, तोंडात वारंवार फोड, ही ल्युपसची खूण असू शकते; हेही डॉक्टरांना दाखवा.

आणि आधीपासून आमवाताचं औषध चालू असलेल्या मुलींनो, मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या काही महिने आधीच डॉक्टरांशी बोला. मेथोट्रेक्सेटसारखी गोळी गर्भाला घातक असते. ती बदलून मिळते. मनाने मात्र बंद करू नका.