धर्मस्वातंत्र्याची किंमत

(कोरेगाव भीमा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



येथील भीमाकाठच्या विजयस्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अभिवादन केले. आज दरवर्षी त्या दिवशी लाखो माणसे येथे येतात. त्यांतील बहुसंख्य बौद्ध असतात. २०१८ साली त्याच दिवशी येथे दगडफेक व जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा प्राण गेला. जमलेल्यांना संरक्षण देणे हे राज्याचे पहिले कर्तव्य. त्यात ते उणे पडले. परंतु धर्मस्वातंत्र्याचा संकोच केवळ दगडांनी होत नाही, सरकारी कागदानेही होतो.

राज्यघटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. त्याच १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता, काही शीख जाती सोडल्यास, हिंदूंपुरती मर्यादित केली. १९५६ मध्ये ती सर्व शीख दलितांना मिळाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ते सवलतींना मुकले. महाराष्ट्राने १९६० नंतर आपल्या अखत्यारीतील सवलती त्यांना दिल्या. केंद्राला १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत कित्येक घरांत बुद्धवंदना होत असे आणि मुलाच्या दाखल्यावर मात्र ‘हिंदू’ हाच शब्द राही. एखाद्या निवडीवर दंड बसविला की ती निवड मुक्त राहत नाही, हा अर्थशास्त्रातला साधा नियम श्रद्धेलाही लागू पडतो.

दलित ख्रिस्ती व मुसलमान हा दंड आजही भरीत आहेत. त्यांच्या धर्मात जात नाही, असे सांगितले जाते. जात बौद्ध धम्मातही नाही. प्रश्न धर्मग्रंथाचा नसून वस्ती, विहीर आणि स्मशान यांचा आहे. राखीव जागा ही जातीने केलेल्या हानीची भरपाई आहे, विशिष्ट धर्मात राहिल्याचे बक्षीस नव्हे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली होती.

वाटेकरी वाढले की आपला घास कमी होईल, ही दलित वस्तीतील भीती खोटी नाही. तिला उत्तर वाढीव हिश्श्याच्या मागणीने द्यावे लागेल. कोणाला दाराबाहेर ठेवून नव्हे. अन्यायात राज्याने जरूर हात घालावा. मंदिरे सर्वांना खुली करण्याचा अधिकार घटनेने त्यासाठीच दिला आहे. परंतु नागरिकाने कोणापुढे हात जोडावेत, हे ठरविण्याचा अधिकार राज्याला नाही. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रथम आपापल्या वस्तीत मांडावी. तेथे ती पटली, तरच दिल्लीत तिला बळ येईल.