लोणारच्या खारातला सोडियम

लोणारचं सरोवर उल्केच्या आघातानं झालं, हे आपण जाणतो. आज बोलू त्याच्या पाण्याविषयी. हे पाणी खारट तर आहेच, शिवाय अल्कधर्मी. सामू 10च्या आसपास. बोटांवर घेतलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं. विवराला बाहेर वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात काठावर पांढरी पापडी धरते. पूर्वी हा खार काढून विकत असत.

त्यात प्रामुख्यानं सोडियमची संयुगं आहेत: मीठ आणि धुण्याचा सोडा. सोडियमचा अणुअंक 11. त्याच्या कवचांत इलेक्ट्रॉन असतात 2, 8 आणि 1. बाहेरचा तो एकुलता एक इलेक्ट्रॉन सोडियम चटकन देऊन टाकतो, म्हणूनच निसर्गात तो मोकळा कधीच सापडत नाही. लिथियम 2, 1. पोटॅशियम 2, 8, 8, 1. शेवटी एकच, म्हणून आवर्तसारणीच्या पहिल्या गणात हे सगळे अल्क धातू एकाखाली एक बसतात. हा गण मुलांकडून नुसता पाठ करून घेऊ नये; बुलढाण्याच्या शाळांनी तो लोणारच्या काठावर शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

शुद्ध सोडियम 1807 साली हम्फ्री डेव्हीनं कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून मिळवला. हा धातू सुरीनं कापता येतो. कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि बघता बघता काळवंडते. म्हणून तो प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात.