तमाशाची पंढरी आणि आपण

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या व्यासपीठावरून तमाशाविषयी बोलायचे म्हटल्यावर काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांना दोष देता येणार नाही. भांडण झाले की "काय तमाशा लावलाय" असे आपणच म्हणतो. पण हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला, तो भांडणाच्या अर्थाने नव्हे. पाहण्यासारखे दृश्य, मौज, एवढाच त्याचा अर्थ. शब्द बदनाम झाला आणि त्याबरोबर त्यावर पोट भरणारी माणसेही बदनाम झाली.

जुन्नर-आंबेगावच्या मातीत राहून या विषयाला बगल देता येत नाही. आपले नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फडाचे नाव, कलावंत किती, तारीख कोणती हे विचारून सुपारी ठरवतात. रात्री छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, असा आपल्याकडील यात्रेचा क्रम मी 1990 नंतरच्या दशकात लहानपणी पाहिला. तो पाहायला बसलेल्यांत सर्व जातीधर्मांची माणसे असत.

विद्यार्थी मित्रांनो, तमाशाला एक ठरलेली बांधणी आहे. प्रथम गण, त्यानंतर गवळण, मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज एवढ्या साहित्यावर रात्र उजाडे. गवळणीतील मावशी पुरुषच होई आणि सोंगाड्या राजालाही चार शब्द सुनावी. ज्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही, त्यांना इतिहास-पुराणातील कथा, न्याय-अन्याय आणि हजरजबाबी मराठी ही वगातूनच कळली.

आमचे आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते. ते लालबागच्या हनुमान थिएटरच्या गोष्टी सांगत. घाटावरून गेलेला गिरणी कामगार पाळी संपवून तेथे तिकीट काढून बसे. ग्रँट रोडकडील "पिला हाऊस" हे नाव मूळच्या "प्ले हाऊस"चेच मराठी रूप आहे. तेथेही नाटके आणि तमाशे होत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि हा तिकीट काढणारा प्रेक्षकच गावी परतला. थिएटर बंद पडायला नेहमी सिनेमाच कारण असतो असे नाही. प्रेक्षकाची रोजी गेली की रंगमंचही जातो.

विठाबाई नारायणगावकर हे नाव आपल्या तालुक्याने महाराष्ट्राला दिले. आजोबा, मग वडील आणि चुलते असलेला भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड, आणि नंतर त्या स्वतः, अशी ही परंपरा. खेळ चालू असताना त्या प्रसूत झाल्या आणि नाळ दगडाने तोडली, ही हकिगत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. राज्य शासनाने पुढे त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हयातीत उपेक्षा आणि मागाहून पुरस्कार, हा आपला रिवाज कधी बदलणार?

या परंपरेत मुसलमान समाजाचाही वाटा आहे, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळातील नामवंत शाहीर सगनभाऊ हे मुसलमान होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप मारणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. आणि अगदी शेजारचे उदाहरण म्हणजे शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर. 1947 साली जन्मलेल्या या माणसाने अनेक फडांना वग आणि गीते लिहून दिली. विठाबाईंच्या नावाचा तो पुरस्कार त्यांना 2018 चा मिळाला. नोव्हेंबर 2021 मध्ये ते गेले. गण गणपतीचा, गवळण कृष्णाची आणि लेखणी मोमीनची, यात आपल्या खेड्यांना कधीच काही वावगे वाटले नाही.

आता शिक्षक या नात्याने एक गोष्ट बोलतो. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. म्हणजे नेमके शाळेचे वर्ष. माझ्या वर्गात एक मुलगी होती. पाढे तोंडपाठ, आवाज खणखणीत. दसऱ्याच्या सुट्टीनंतर हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरीच लागत गेली. तिचे आईवडील फडाबरोबर होते आणि मागे सांभाळणारे कोणी नव्हते. 25 मार्च 2020, तो गुढीपाडव्याचाच दिवस होता. त्याच दिवशी देशात टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या यात्रा बुडाल्या आणि फडावर पोट असलेल्यांवर उसनवारीची पाळी आली. हाताशी दुसरे शिक्षण नसले म्हणजे काय होते, ते तेव्हा दिसले.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. म्हणून संस्थेला माझी नम्र विनंती आहे. नारायणगावात राहुट्या लागतात, त्या दिवसांत आपण तेथे जाऊन मुलांची यादी करावी आणि निदान चार-पाच मुलांची राहण्या-जेवण्याची सोय आपल्याकडे करावी. आपली संस्था अशाच मागे राहिलेल्या मुलांसाठी उभी राहिली आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. वगाच्या कितीतरी वह्या छापल्याच गेल्या नाहीत. त्या पेटीत पडून आहेत, नाहीतर म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत. या सुट्टीत आपल्या गावातील एका वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. त्यांनी कोणता फड पाहिला, सोंगाड्या कोण होता, वग कोणता लागला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. शुद्धलेखनाच्या चुका मी काढणार नाही. पुढच्या स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत, अशी संपादक मंडळास विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!